गार झालंय, भरा

८ जानेवारी

ही वही खरं म्हणजे शीतगृहाच्या तापमानाची. गेल्या वर्षीची, न वापरता उरलेली. तारीख, खोली, वेळ, अंश, सही असे रकाने छापलेले आहेत. मी त्यांच्यावरूनच आडवं लिहिणार आहे, कारण नवी वही आणायला गेले तर लिहायचा उत्साह वाटेतच संपेल.

उत्साहाचं कारण असं. परदेशातल्या खरेदीदाराचे तपासनीस आज येऊन गेले. जाताना म्हणाले, "बाई, एक लक्षात ठेवा. जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही." मला हे इतकं पटलं की जेवताना सगळ्यांना सांगितलं. नवरा म्हणाला, "मग आपलं लग्न झालेलं नाही. नोंदणी राहिलीये अजून." सासूबाई हसल्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, खाली मान घालून जेवत होते.

आमच्या तीन थंड खोल्या आहेत. अण्णांनी उभ्या केल्या. ते पंधराव्या वर्षी बर्फाच्या कारखान्यात लागले, तिथे तीस वर्षं उघड्या हातांनी लाद्या ओढल्या आणि मग हे बांधलं. आजवर आम्ही दुसऱ्यांचा माल भाड्याने गार ठेवत आलो. या वर्षी पहिल्यांदा स्वतःचा माल पाठवणार आहोत. बागांमधून द्राक्षं घ्यायची, निवडायची, पेट्या भरायच्या, गार करायच्या आणि थंड कंटेनरमधून समुद्रापार पाठवायच्या. बोटीचा प्रवास सव्वीस दिवसांचा. पहिला कंटेनर नीट पोचला तर खरेदीदार अख्खा हंगाम आमच्याकडून घेणार. नाही पोचला तर पुन्हा दुसऱ्यांचे गोठवलेले वाटाणे सांभाळत बसायचं, आणि निवडणीसाठी घेतलेल्या चाळीस बायकांना घरी पाठवायचं. त्यांना कामावर मी घेतलंय. माझ्या तोंडाकडे बघून आल्यात त्या.

तपासनिसांनी चौदा दोष लिहून दिलेत. नवव्या क्रमांकावर आहे: "एक वृद्ध गृहस्थ फळ तोंडाला लावून पुन्हा पेटीत ठेवताना दिसले." वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ जानेवारी

वृद्ध गृहस्थांशी बोलले.

अण्णांची ही सवय मी लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं बघतेय. पेटीतून एक फळ उचलायचं, खालच्या ओठाला क्षणभर टेकवायचं, परत ठेवायचं आणि म्हणायचं, "अजून तासभर", नाही तर "झालं". मला वाटायचं, कुणाला तंबाखूची असते तशी ही एक सवय. आपल्यापुरतं होतं तोवर ठीक होतं, पण परक्या देशातली माणसं ते फळ खाणार.

"अण्णा, हे बंद करावं लागेल," मी म्हणाले. "मास्क लावायचा, आणि फळ तोंडाला लावायचं नाही. हाताने बघा ना. तुमचा हात म्हणजे काटा आहे, सगळा गाव म्हणतो."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मग म्हणाले, "बरं."

मी भांडणाच्या तयारीने गेले होते. चार मुद्दे काढले होते, ते तसेच राहिले.

दुपारी नवी पाटी लावली: "मास्क अनिवार्य. फळ तोंडाला लावू नये." आता दारापासून खोलीपर्यंत सतरा पाट्या झाल्या. निवडणीवरच्या मुकादम मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं वाचून आत जायचं म्हणजे बाईची पाळीच संपायची." मावशींच्या जिभेला हाड नाही, पण काम चोख.

१३ जानेवारी

लेकीला, छोटीला ताप. शाळेतून येऊन तशीच झोपली. मी थर्मामीटर शोधत घरभर फिरत होते, तेवढ्यात अण्णा आले, वाकून नातीच्या कपाळाचा पापा घेतला आणि म्हणाले, "एकशे एक." थर्मामीटर सापडल्यावर लावला. एकशे एक पूर्णांक एक. याला म्हणतात अनुभव. मी मावशींना सांगितलं, आमच्या अण्णांच्या हाताला तोड नाही.

१९ जानेवारी

आज अण्णा खोलीतून अंगणापर्यंत एकाच चपलेवर आले. दुसरी वाटेत पडली होती, यांना पत्ताच नाही. छोटीने ती नेऊन दिली. मी म्हणाले, "अण्णा, लक्ष कुठे असतं?" ते म्हणाले, "वय झालं." बहात्तर म्हणजे काही फार नाही. माणसाने मनाने म्हातारं होऊ नये, असं मला वाटतं.

सासूबाईंनीही त्यांना लहान मूल करून ठेवलंय. सकाळी शर्टाची बटणं त्या लावतात. नखं त्या कापतात. काल तर चहाचा पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आधी स्वतः बोट लावून पाहिलं. एवढे लाड माझ्या नवऱ्याने मागितले असते तर ऐकून घेतलं असतं माझ्याकडून.

२५ जानेवारी

चाचणी झाली. द्राक्षं बागेतून येतात तेव्हा पंचवीस-सव्वीस अंशांवर असतात. दोन नंबरच्या खोलीत जोरात थंड वारा पेट्यांमधून ओढायचा, आठ तासांत फळ आतून एक अंशावर यायला हवं. खोलीतली हवा नव्हे, फळ. हे मी सगळ्यांना पढवून ठेवलंय. हवा लवकर गार होते, फळ सावकाश. म्हणून सळईचा थर्मामीटर फळाच्या पोटात खुपसून बघायचा. दहा पेट्या, दहा आकडे, कागदावर माझी सही. त्या सहीशिवाय माल हलत नाही.

चाचणीत आठ तासांनी एक अंश. डोळ्यांत पाणी आलं, पण मास्कमुळे कुणाला दिसलं नाही.

एक गडबड झाली. थर्मामीटर माझ्या हातून पाण्याच्या बादलीत पडला. लगेच काढला, पुसला. आकडे दाखवतो, पण मध्येच लुकलुकतो. दुसरा मागवायला सांगितलाय नवऱ्याला.

३० जानेवारी

दुसरा थर्मामीटर अजून आला नाही. नवरा म्हणतो, उद्या. त्याचा उद्या मी अकरा वर्षं ओळखते.

२ फेब्रुवारी

आज भरलं. आजच लिहायला हवं.

पहाटे वीज गेली. जनरेटर तीन खोल्या ओढत नाही, म्हणून वारा ओढणारे पंखे बंद ठेवावे लागले. वीज आली तेव्हा दहा वाजत आले होते. अकराला कंटेनर दारात. बोटीसाठी बंदराचं फाटक सहाला बंद होतं, रस्ता चार तासांचा, भरायला दीड तास. म्हणजे साडेबाराच्या पुढे एक मिनिट नाही. ही बोट चुकली तर पुढची नऊ दिवसांनी, आणि तोवर द्राक्षांची देठं वाळून काड्या होतात.

सव्वाबाराला मी थर्मामीटर घेऊन आत गेले. पहिली पेटी: सहा. दुसरी: साडेसहा. कडेची एक: तीन. पुन्हा पहिली: सहा. आकडा लुकलुकत होता. भिंतीवरचा खोलीचा काटा मात्र अर्ध्या अंशावर होता. मनात आलं, बादलीत पडल्यापासून हे यंत्र वेडं झालंय. कुटलेल्या बर्फात सळई बुडवली की शून्य यायला हवं, मग कळतं यंत्र खरं की खोटं. दहा मिनिटांचं काम. पण बर्फ आणून कुटणार कोण, सगळी माणसं दाराशी.

मी म्हणाले, अण्णांना बोलवा.

अण्णा आले. मास्क, टोपी, सगळं नियमाप्रमाणे. हातमोजे काढले आणि एका पेटीत मनगटापर्यंत हात घातला. बराच वेळ तसेच उभे राहिले. द्राक्षांकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. मग हात काढून दोन बोटांत एक फळ धरून वर नेलं, मास्कपर्यंत, आणि तसंच खाली आणलं. मला वाटलं खोकला आला असावा.

"गार झालंय ना, अण्णा?" मी विचारलं.

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र बिघडलंय. सहा दाखवतंय. तुम्ही सांगा. गार झालंय ना?"

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"गार झालंय," ते म्हणाले. "भरा."

माझ्या अंगात जीव आला. कागदावर दहा पेट्यांचे आकडे लिहिले: एक, एक, दीड, एक, असे. बिघडलेल्या यंत्राचा आकडा लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, असं माझं मत झालं. सही केली.

कंटेनरचा ड्रायव्हर सगळं बघत होता. पहिल्या पेट्या आत जाताना त्याने एका पेटीला बाहेरून हात लावला आणि म्हणाला, "ताई, हवं तेवढं गार वाटत नाही हो. नीट बघितलंत ना?"

मी म्हणाले, "आमच्या अण्णांनी बघितलंय. आणि राहिलं असेल थोडं, तर वाटेत होईल."

"वाटेत नाही होत, ताई. हा डबा म्हणजे थर्मास. गार भराल तर गार राहील. गरम भराल तर गरमच जाईल."

ते मला कुणी शिकवायला नको. पाटी क्रमांक चार हेच सांगते. मी त्याला पाटी दाखवली.

दोन वाजता गाडी हलली. मावशींनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या बायकांनी. अण्णा तोवर घरी गेले होते.

४ फेब्रुवारी

बोट सुटली. नवऱ्याने फोनवर नकाशा दाखवला, समुद्रात एक हिरवा ठिपका. छोटीने विचारलं, "यात आपली द्राक्षं आहेत?" तिच्या बोटाखाली सगळी बोट झाकली गेली.

नवा थर्मामीटर आला. आता.

११ फेब्रुवारी

अण्णा कामावर येत नाहीत. पाय दुखतो म्हणतात. त्यांच्या अंगठ्याजवळच्या बोटाला मोठा फोड आलाय. विचारलं तर म्हणाले, "तवा लागला असेल." असेल म्हणजे काय? भाजलं तर माणसाला कळतंच की. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तू तुझं बघ गं, पेट्यांचं." आवाज जरा तुटकच होता. मी केलं काय, ते कळेना.

२० फेब्रुवारी

ठिपका अर्ध्यावर. बागवाले रोज विचारतात, पुढचा कंटेनर कधी. मी म्हणते, दोन मार्चनंतर. रोज निजताना मनातल्या मनात दहा पेट्या मोजते. एक, एक, दीड, एक. कधी कधी मध्येच सहा येतो. मग पुन्हा पहिल्यापासून मोजते.

३ मार्च

पोचला. उघडला. वाया गेला.

५ मार्च

दोन दिवस लिहिता आलं नाही. आता लिहिते.

खरेदीदाराने फोटो पाठवलेत. पिशव्यांना आतून पाणी सुटलंय. देठाजवळ फळं पांढरी पडलीत, जणू कुणी रंग धुऊन काढलाय. निम्म्याहून जास्त पेट्यांत करडी बुरशी. मी त्या पेट्या ओळखल्या, पेटीच्या पट्टीवर मावशींच्या हातचा आकडा आहे.

सोबत एका पानावर दोन कागद शेजारी शेजारी. डावीकडे कंटेनरमधल्या नोंदयंत्राचा आलेख. आम्हीच ते शेवटच्या रांगेत, दारापाशी ठेवलं होतं. पहिल्या दिवशी साडेसहा. एक अंशावर यायला पाच दिवस. उजवीकडे माझा कागद. एक, एक, दीड, एक. खाली माझी सही, चांगली ठळक, वळणदार.

सात दिवसांत लेखी खुलासा मागितलाय.

नवरा म्हणाला, "डब्यात बिघाड होता म्हणू. बोटीवर कुणी पाहिलंय?"

मी हो म्हणाले. लिहून ठेवते, मी हो म्हणाले. मला तेव्हा तेच खरं वाटत होतं.

६ मार्च

खुलासा लिहायला बसले. "आमच्या यंत्रात बिघाड असल्याने" असं लिहिलं आणि थांबले. बिघाड होता याचा पुरावा जोडावा म्हणून जुना थर्मामीटर कपाटातून काढला. खोलीत जाऊन बर्फ आणला, वरवंट्याने कुटला, पेल्यात भरला, थोडं पाणी घातलं, सळई बुडवली. दहा मिनिटं बसले समोर.

शून्य.

लुकलुकत होतं, पण शून्यच. पुन्हा केलं. शून्य. तिसऱ्यांदा केलं तोवर नवरा मागे येऊन उभा राहिला होता. तो नुसता पेल्याकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "शीतगृहात बर्फ मिळाला नाही तुला त्या दिवशी?"

यंत्र खरं होतं. सहा म्हणजे सहा होते. मग अण्णांनी "गार झालंय" का सांगितलं? ज्यांचा हात काटा, त्यांना पाच अंशांचा फरक कळू नये? की नको होतं त्यांना हे सगळं? सूनबाईने त्यांच्या खोल्यांमध्ये पाट्या लावल्या, त्याचा राग असा काढला? मनात नाही नाही ते आलं. उद्या विचारणार आहे.

७ मार्च

कालचं पान फाडून टाकावंसं वाटतंय. फाडणार नाही.

सकाळी तणतणत स्वयंपाकघरातून अण्णांच्या खोलीकडे निघाले. सासूबाई वाटेत उभ्या. म्हणाल्या, "आधी मला विचार, काय विचारायचं ते."

मी सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. त्यांनी ऐकून घेतलं, पीठ लागलेले हात पुसले आणि म्हणाल्या, "त्यांच्या हाताला कळत नाही काही. दोन वर्षं झाली. पायालाही नाही."

मी मागे फिरून स्वयंपाकघरात आले.

"चप्पल सुटते, कळत नाही. चहा उकळता आहे की निवलाय, कळत नाही. बटण हातात आलंय की नाही, बघावं लागतं. मी काय हौसेने लावते होय बटणं?"

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती मला. म्हणाले, कळलं तर मला खुर्चीत बसवतील. आणि त्यांचं चाललं होतं की. ओठाला कळतं त्यांच्या. पहिल्यापासून ओठानेच बघतात ते. बर्फाच्या कारखान्यात हात बधिर व्हायचे, तेव्हा लागलेली सवय. पोरांचा ताप पण ओठानेच बघायचे. लोक आपले म्हणायचे, हात, हात."

त्यांनी दोष दिला नाही. कणीक मळायला लागल्या. मला सगळी पानं आठवली: नवा नियम, पाटी, पापा, चपला, मास्कपर्यंत गेलेली ती दोन बोटं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. लिहीत मी होते आणि मलाच दिसलं नाही.

अण्णा पलंगावर बसले होते. मी खाली जमिनीवर बसले.

"सहाच होते ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटलंच."

"मग भरा का म्हणालात, अण्णा?"

त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "मला काहीच कळत नव्हतं गं. पेटीत हात गेलाय, हेसुद्धा डोळ्यांनीच कळलं. म्हटलं, नाही झालं म्हणून सांगावं. मग तुझं तोंड बघितलं. तू विचारलंस, गार झालंय ना. शेवटी 'ना' लावलंस. म्हटलं, ही शिकलेली पोर, हिला माहीत असणार. मी नाही म्हटलं तर विचारेल, का नाही. मग सगळंच सांगावं लागलं असतं."

"एकदा मास्क खाली करून ओठाला लावायचं होतं. एकदाच. मी काय खाऊन टाकलं असतं तुम्हाला?"

ते म्हणाले, "पाटी आहे की."

टोमणा मारला नाही त्यांनी. अगदी साधं सांगितलं, जसं दार बंद आहे म्हणून सांगावं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला तेवढ्यातही मनात आलं, यांना माझे केस लागतायत का हाताला.

८ मार्च

डॉक्टरांकडे गेलो, मी आणि अण्णा. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा, सुई टोचेन, लागलं की सांगा. त्यांनी एका बोटाला टोचलं, दुसऱ्या, तिसऱ्या. दोन्ही हात झाले. अण्णा डोळे घट्ट मिटून बसले होते, शाळेतल्या मुलासारखे. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचा की."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

साखर बरीच वर्षं आहे आणि वर इतकी वर्षं बर्फ. नसा गेल्या. साखर आवरली तर आणखी जाणार नाहीत, पण गेलेलं परत येणार नाही. पायांची रोज तपासणी करायची, कुठे लागलंय का, जखम आहे का, कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत. त्यांना कळणारच नाही. डॉक्टर हे मला सांगत होते तेव्हा अण्णा भिंतीवरचा नसांचा तक्ता वाचत होते.

घरी येताना म्हणाले, "खुलाशात माझं नाव लिही. हात माझा होता."

"हात तुमचा होता," मी म्हणाले, "पण 'एक' मी लिहिला."

९ मार्च

खुलासा पाठवला. नवऱ्याने वाचला. तो म्हणाला, "हे पाठवलंस तर हंगाम गेला." मी म्हणाले, "हंगाम तीन तारखेलाच गेला." मग त्याने स्वतःच पाकीट बंद केलं. मला त्याच्याबद्दल इतकं बरं अनेक दिवसांत वाटलं नव्हतं.

खुलाशाची नक्कल इथे उतरवते, जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही म्हणून:

"भरतेवेळी फळाचं तापमान थर्मामीटरवर सहा ते साडेसहा अंश दिसलं होतं. थर्मामीटर बिघडला आहे असं मी धरून चालले आणि तपासून पाहिलं नाही. नंतर बर्फात तपासला, तो अचूक आहे. कागदावरचे दहाही आकडे न मोजता लिहिले आहेत. ते मी लिहिले. कंटेनरमध्ये काही बिघाड नव्हता. ड्रायव्हरने मला विचारलं होतं."

अण्णांचं नाव नाही. ड्रायव्हरचं वाक्य घालायची गरज नव्हती, पण घातलं.

१५ मार्च

उत्तर आलं. चारच ओळी. या हंगामात माल घेणार नाहीत. पुढच्या वर्षी हवं तर एक कंटेनर, त्यांचा माणूस समोर उभा राहील, प्रत्येक आकडा तो लिहील.

आज बायकांना सांगितलं. निवडणीच्या टेबलापाशी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती, माल मी गरम भरला. चाळीसपैकी अकरा जणींना जवळच्या बाजाराच्या कामावर ठेवता येईल, बाकीच्यांना नाही. टोप्या, हातमोजे काढून त्यांनी नीट घड्या घालून टेबलावर ठेवले. मावशी शेवटी राहिल्या. म्हणाल्या, "ताई, सतरा पाट्या लावल्यात. 'जरा थांबा' एवढीच राहिली." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

१६ मार्च

नव्या पाटीचं वाक्य सकाळपासून जुळवत होते. शेवटी जमलं. जुनी "फळ तोंडाला लावू नये" काढली आणि तिथे लावलं: "तोंडाला लावलेलं फळ पेटीत परत ठेवू नये."

एवढंच तर लिहायचं होतं. तपासनिसांची तक्रारही एवढीच होती. नववा दोष मी आज पुन्हा वाचला.

२ एप्रिल

एक आणि तीन नंबरच्या खोल्यांत वाटाणे आलेत, दुसऱ्यांचे. दोनमध्ये जवळच्या शहरासाठीची द्राक्षं.

दुपारी गाडी आली. मी आधी पेल्यात बर्फ कुटून सळई बुडवली. शून्य. मग अण्णांना बोलावलं. पायांत नवे बंदाचे बूट, हातांत लोकरीचे मोजे, ते छोटी सकाळी घालून देते आणि प्रत्येक बोट मोजते. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, मी पेटीतून एक द्राक्ष काढून दिलं, त्यांनी ओठाला टेकवलं. डोळे मिटले.

"नाही," ते म्हणाले. "साडेतीन आहे. दोन तास लागतील."

सळई खुपसली. तीन पूर्णांक चार. मी तीन पूर्णांक चार लिहिलं.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी बाहेर जाऊन सांगितलं, दोन तास थांबा, चहा पाठवते. आत आले तर अण्णा ते द्राक्ष माझ्यापुढे धरून उभे. "याचं काय करू, बाई? पेटीत ठेवू?"

"ठेवून तर बघा," मी म्हणाले, आणि ते घेऊन खाल्लं.

खोलीच्या दाराबाहेर दोन स्टुलं टाकून आम्ही बसलो. त्यांनी मोजे काढून खिशात ठेवले होते. थोड्या वेळाने मी त्यांचा हात हातात घेतला. ते गाडीकडे बघत होते, बघत राहिले.

"अण्णा, मी तुमचा हात धरलाय," मी म्हणाले.

त्यांनी खाली पाहिलं. मग विचारलं, "गार आहे का गं?"

गारच होता. मी तसं सांगितलं.